खोट्या बिलाला त्रुटी नसते

दसऱ्याचा दुसरा दिवस होता, २५ ऑक्टोबर २०१२. खंडेनवमीला कपाटांना आणि संगणकांना बांधलेली झेंडूची तोरणं अजून कोणी उतरवली नव्हती. सुकलेल्या पाकळ्या फायलींवर गळत होत्या. अकराच्या सुमाराला शाखेतला एक तरुण लिपिक मोबाइल हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "साहेब, जसपाल भट्टी गेले."

पहाटे पंजाबात, जालंधर जिल्ह्यातल्या शाहकोटजवळ मोटारीला अपघात झाला होता. 'पॉवर कट' हा त्यांचा पंजाबी चित्रपट दुसऱ्याच दिवशी लागायचा होता आणि त्याच्याच प्रचारासाठी ते फिरत होते. वय सत्तावन्न. 'फ्लॉप शो' दूरदर्शनवर लागत होता तेव्हा हा लिपिक जेमतेम चालायला लागला असेल, पण त्याने यूट्यूबवर सगळे भाग पाहिले होते. दुपारी डबे उघडल्यावर त्याने संगणकावर एक भाग लावला. "आपल्या शाखेचाच विषय आहे," म्हणाला. सरकारी नोकरांच्या खोट्या औषधबिलांचा तो भाग. पाच-सहा जण पोळी हातात धरून पडद्याभोवती जमले आणि खळखळून हसले.

मी अर्धा डबा तसाच बंद करून उठलो. मी त्या शाखेचा अधीक्षक होतो. तेवीस वर्षांपूर्वी हाच भाग मीही असाच मंडळीत बसून पाहिला होता, आणि आज हसणाऱ्या या पोरांपेक्षा मोठ्याने हसलो होतो. त्यानंतर मी काय केलं, ते आजवर कोणापाशी बोललो नाही. आता निवृत्त झालो आहे, आईवडील राहिले नाहीत, लपवण्याजोगं कारणही उरलेलं नाही.

१९८९ साली मी एकोणतीस वर्षांचा होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत कनिष्ठ लिपिक. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचं टेबल माझ्याकडे होतं. कर्मचारी किंवा त्याच्या घरचं कोणी आजारी पडलं, औषधोपचार झाले, की तो औषधांच्या पावत्या, डॉक्टरांचं अत्यावश्यकता प्रमाणपत्र आणि भरलेला नमुना जोडून बिल सादर करायचा. पावतीपावतीवर डॉक्टरांची सही लागे. मी कागद तपासायचे, बेरीज पडताळायची, नियमात बसतंय की नाही ते पाहायचं आणि खाली टिपणी लिहायची: 'देयक मंजुरीस्तव सविनय सादर.' काही कमी असलं तर 'त्रुटी' काढून परत पाठवायचं. 'त्रुटी' हा माझ्या टेबलावरचा सर्वांत ताकदीचा शब्द होता. त्या एका शब्दावर माणूस महिनाभर हिंडायचा.

आमच्या वसाहतीत हेडक्लार्कसाहेबांकडे रंगीत टीव्ही होता. संध्याकाळी आम्ही पाच-सात जण तिथे जमायचो. बायका आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी, आम्ही सतरंजीवर. आमच्या शाखेचा शिपाईही यायचा. तो दाराशी, चपला काढायच्या जागेला लागून बसायचा. सरकून आत ये, असं त्याला कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मी तरी म्हटलं नाही.

जसपाल भट्टी आम्हाला त्याआधी 'उल्टा पुल्टा'मुळे ओळखीचे झाले होते. सकाळच्या प्रसारणात काही मिनिटं हा पगडीवाला माणूस यायचा, चेहरा जराही न हलवता काहीतरी बोलायचा आणि जायचा. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला विद्युत अभियंता. तिथल्या 'ट्रिब्यून'मध्ये व्यंगचित्रं काढायचा. कॉलेजात असतानाच त्याने 'नॉनसेन्स क्लब' काढून रस्त्यावर नाटुकली सुरू केली होती, विषय लाचलुचपतीचा. पंजाबातून रोज गोळीबाराच्या बातम्या येण्याचा तो काळ होता. आमच्यासाठी सरदारजी म्हणजे एक तर बातमीतली भीती, नाही तर चहाच्या वेळचा हलका विनोद. हा गृहस्थ पडद्यावर आला आणि थेट आमच्या कार्यालयातला एक होऊन बसला. सरदारजींवरचे विनोद मीही सांगितले आहेत. त्यांतल्या एकाचीही आज आठवण काढायला मन धजत नाही.

'फ्लॉप शो'चे भाग अवघे दहा. निर्मिती त्यांच्या पत्नी सविता भट्टी यांची, आणि त्या कामही करायच्या. विवेक शौक, बी. एन. शर्मा ही मंडळी सोबत. फार खर्च नाही, झगमगाट नाही. शेवटी एखाद्या हिंदी गाण्याच्या चालीवर बेतलेलं विडंबनगीत. विषय मात्र असे की प्रत्येक घरात कोणीतरी चपापून बघावं: विद्यार्थ्याला घरगड्यासारखं राबवणारा पीएचडीचा मार्गदर्शक, कंत्राटदार, डॉक्टर, टेलिफोन खातं, निव्वळ चहाबिस्किटांसाठी भरणाऱ्या बैठका. आणि खोटी औषधबिलं.

त्या भागाच्या दिवशी हेडक्लार्कसाहेबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. कोणी तरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "काय, तुमच्या टेबलाचं चित्रीकरण कधी झालं?" सगळे पुन्हा हसले. मी सर्वांत जोरात. हसताना मला वाटत होतं की हे चाललं आहे ते दुसऱ्या कोणाबद्दल. असल्या गोष्टीवर मला हसू येतं, म्हणजे मी त्यांच्यातला नाही. माझ्या मनाने मला दिलेलं हे प्रमाणपत्र होतं, आणि त्यावर सही माझीच होती.

खरी गोष्ट अशी होती. त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एका वरिष्ठांचं बिल होतं. दोन महिन्यांच्या उपचाराच्या सात पावत्या. प्रमाणपत्र चोख, सह्या चोख, बेरीज चोख. मी पावत्या उलगडून क्रमाने लावल्या तेव्हा दिसलं की तारखा दोन महिन्यांत पसरलेल्या आहेत आणि पावती क्रमांक मात्र ४१२ ते ४१८, सलग. दोन महिन्यांत त्या औषधाच्या दुकानात दुसरं एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं, असा त्याचा अर्थ. शाई एक, हात एक. दुकानदाराने एका बैठकीत पावतीपुस्तक संपवत नेलं होतं. माझं बोट त्या आकड्यांवर थांबलं होतं, हे मला आजही स्वच्छ आठवतं. मग मी बोट उचललं आणि लिहिलं: 'कागदपत्रे तपासली. देयक मंजुरीस्तव सविनय सादर.'

मला कोणी दम दिला नव्हता. पैसेही कोणी दिले नव्हते. साहेबांचं बिल आहे, एवढंच. आणि वर्षभराने मी स्वतः तेच केलं. पत्नीच्या नावाने ३८० रुपयांचं पहिलं खोटं बिल. गॅसची दुसरी टाकी घ्यायची होती, अनामत भरायची होती. पुढे आणखी दोन. तिन्ही मिळून १,१४० रुपये. मी एकोणतीस-तीस वर्षांचा, पगार तुटपुंजा, सगळेच करतात, ही सारी कारणं मी त्या वेळी मनाशी म्हणून पाहिली होती. त्यांतलं एकही खोटं नव्हतं, आणि एकही पुरेसं नव्हतं.

१९८९ हे वर्ष बोफोर्सचं होतं. ६४ कोटींची दलाली हा आकडा पानटपरीपासून कचेरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली आणि सरकार बदललं. आमच्या शाखेत त्या दिवसांत राजकारणाशिवाय दुसरा विषय नव्हता. मी तावातावाने बोलायचो. देशाच्या तिजोरीवर डल्ला मारणाऱ्यांना तुरुंगात घातलं पाहिजे, असं म्हणत असताना माझ्या हाताखाली ४१२ ते ४१८ क्रमांकाच्या पावत्या होत्या. दोन्ही पैसे एकाच तिजोरीतले, ही साधी गोष्ट तेव्हा माझ्या मनात एकदाही आली नाही. ज्या विषयावर आपण रोज बोलतो, त्यात आपण कुठे उभे आहोत हे न बघता इतकी वर्षं बोलता येतं, याचं मला आता भय वाटतं.

आता त्या शिपायाचं. त्याच्या बायकोच्या पोटात गाठ निघाली होती. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, पण बरीचशी औषधं बाहेरून आणावी लागली. त्याचं बिल १,८६० रुपयांचं. पावत्या चुरगळलेल्या, एकीवर हळदीचा डाग, एकीवर डॉक्टरांची सही नाही, एकीवर नावात चूक. प्रमाणपत्र दुसऱ्याच नमुन्यावर. मी त्रुटी काढली. तो दवाखान्यात गेला, सही आणली. मी दुसरी त्रुटी काढली. त्या डॉक्टरांची बदली झाली होती, तो बसने त्यांच्या नव्या गावी जाऊन आला. मी तिसरी काढली. माझी प्रत्येक त्रुटी नियमाला धरून होती. आजही कोणी फाइल काढून पाहिली तर माझ्या टिपणीत चूक सापडणार नाही.

फ्लॉप शोच्या त्या भागाच्या दुसऱ्या दिवशी तो चहाचे कप घेऊन आला. माझ्या टेबलावर कप ठेवला आणि उभा राहिला. म्हणाला, "भाऊसाहेब, आजारी न पडता बिल निघतंय. आन् आजारी पडल्यावर का निघंना?"

आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच कळून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "अरे, ते नाटक आहे." तो "व्हय, व्हय" म्हणत कप गोळा करून गेला. आदल्या रात्री आम्ही सगळे हसत होतो तेव्हा दाराशी बसलेला तो हसत होता की नाही, हे मला सांगता येत नाही. मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

खोट्या बिलाला त्रुटी नसते. हे मी त्या टेबलावर शिकलो. खोटं बिल करणाऱ्याला नमुना पाठ असतो, कुठे काय लागतं ते ठाऊक असतं, डॉक्टर ओळखीचा असतो. खरा आजारी माणूस धावपळीत असतो. त्याच्या पावत्या भिजतात, हरवतात. त्यामुळे नियम जितके काटेकोर, तितकं खोटं सुरक्षित आणि खरं उघड्यावर. हे मला दिसत होतं. मी लिपिक होतो, नियम बदलणं माझ्या हाती नव्हतं, हे खरं. पण त्याला समोर बसवून, एका कागदावर सगळ्या त्रुटी एकदम लिहून देणं माझ्या हाती होतं. दहा मिनिटांचं काम. ते मी केलं नाही, कारण त्याचं बिल अडवताना मी प्रामाणिक आहे असं मला वाटायचं. साहेबांच्या बिलात गमावलेला प्रामाणिकपणा मी शिपायाच्या बिलात वसूल करत होतो. हे वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली.

माझे वडील शिक्षक होते. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे आणीबाणीविरुद्ध प्रचारसभांमधून बोलत होते, तेव्हा वडील एका सभेला मुद्दाम प्रवास करून गेले होते. परत आले ते वेगळेच होऊन. महाराष्ट्राला हसवणारा माणूस वेळ आली तेव्हा व्यासपीठावर उभा राहिला, याचा त्यांना फार मोठा आधार वाटला होता. त्याआधी 'विच्छा माझी पुरी करा'चा प्रयोगही त्यांनी मला दाखवला होता. वसंत सबनिसांचं ते लोकनाट्य, दादा कोंडक्यांचा हवालदार, आणि राजाच्या दरबाराची उडवलेली भंबेरी. अशा हसण्यात मी वाढलो. वगात सोंगाड्या राजाला प्रश्न विचारतो, राजाला उत्तर येत नाही, आणि आपण टाळ्या वाजवतो. ही आपली जुनी आणि मोलाची परंपरा आहे. पण तिच्यामुळे मला एक सवय लागली होती: बोट कायम सिंहासनाकडे. मी सतरंजीवर बसलेला, म्हणजे मी रयत, म्हणजे मी निर्दोष.

भट्टींचं वेगळेपण मला फार उशिरा कळलं. पुष्कळदा ते स्वतःच चुकीच्या खुर्चीत बसायचे. फायदा उपटणारा माणूस तेच. चेहरा असा, की आपण काही वावगं करतोय हे त्याच्या गावीही नाही. मला यात नाथांच्या भारुडाची रीत दिसते. एकनाथ महाराज दुसऱ्याकडे बोट दाखवत नाहीत, सोंग घेतात आणि 'मी' म्हणून बोलतात. ऐकणाऱ्याने तो 'मी' आपल्या अंगाला लावून बघायचा असतो. भट्टींच्या राजकीय व्यंगात मंत्रीसंत्री येत, पण त्याचा पाया टेबलाशी होता, सहीशी होता, शिक्क्याशी होता. देश जिथे रोज चालतो किंवा अडतो, त्या जागेवर त्यांनी कॅमेरा लावला होता. तो माझ्यावर रोखलेला होता, आणि मी बाजूला सरून दुसऱ्यांसोबत हसत राहिलो.

विनोदी माणसामुळे सार्वजनिक जीवनात फरक पडतो का, असं मला कोणी विचारलं तर मी फक्त एका टेबलापुरतं उत्तर देऊ शकतो. १९८९ मध्ये माझ्या टेबलावर फरक पडला नाही. उलट आम्हाला एक शब्द मिळाला. खोटं बिल आलं की कोणीतरी म्हणायचं, "आला फ्लॉप शो." सगळे हसायचे आणि बिल पास व्हायचं. पूर्वी ते गुपचूप व्हायचं, आता हसत व्हायला लागलं. यात भट्टींचा दोष मी मानत नाही. त्यांनी त्यांचं काम चोख केलं. पुढचं काम माझं होतं.

ते स्वतः थांबले नाहीत. दूरदर्शनवर आणखी मालिका केल्या. १९९९ मध्ये 'माहौल ठीक है' हा पंजाब पोलिसांवरचा चित्रपट काढला. २००९ मध्ये महागाई भडकली तेव्हा चंदीगडमध्ये त्यांनी जत्रेसारखा खेळ मांडला: डाळ, भाज्या, तेल ही बक्षिसं, लोकांनी रिंग टाकून ती जिंकायची. त्याच वर्षी मंदीच्या नावाने 'रिसेशन पार्टी' असा पक्ष काढला. हा माणूस पडद्यावर मावत असूनही पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरत होता. माझा अंदाज असा, की घरात बसून हसणारा प्रेक्षक किती सहज सुटून जातो हे त्यांना माहीत असावं. रस्त्यावर हातात रिंग दिली की तो निदान खेळात येतो. मरणानंतर, २०१३ मध्ये, त्यांना पद्मभूषण जाहीर झालं.

त्या दुपारी, २०१२ मध्ये, डबा बंद करून मी रेकॉर्ड खोलीत गेलो. जुनं काही शोधायला नव्हे, तिथे कोणी नसतं म्हणून. बराच वेळ उभा राहिलो. मग परत येऊन त्या तरुण लिपिकाला बोलावलं आणि प्रलंबित बिलांची यादी मागितली. एकवीस होती. त्यांतली नऊ चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांची. आम्ही दोघांनी त्या आठवड्यात नऊही जणांना टेबलाशी खुर्ची दिली, सगळ्या त्रुटी एका कागदावर एकदम लिहून दिल्या, तीन जणांचे नमुने तिथेच भरून घेतले. निवृत्त होईपर्यंत, सहा वर्षं, मी हे चालू ठेवलं. सलग क्रमांकाच्या पावत्या आल्या तेव्हा दोनदा शेरा मारला. एकदा तो शेरा वरून खोडला गेला, एकदा राहिला. याहून जास्त काही मी केलं नाही. ते १,१४० रुपयेही मी अजून भरलेले नाहीत. चलनाने कोषागारात जमा करता येतात, हे मला नोकरीत असल्यापासून ठाऊक आहे. कारण लिहावं लागेल म्हणून टाळलं. हे लिहून झालं की तेवढं तरी उरकायचं आहे, आणि कारणाच्या रकान्यात खरं लिहायचं आहे.

त्या शिपायाची बायको बरी झाली. तो माझ्याआधी निवृत्त झाला आणि गावी गेला. निरोपसमारंभात त्याने माझ्या पायाला हात लावला आणि मी तो लावू दिला. औषधांसाठी त्याने पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. ते तो दोन वर्षं पगारातून फेडत होता. ती कपातही माझ्याच शाखेतून व्हायची. १,८६० रुपयांच्या त्याच्या बिलात मी १,२१५ मान्य केले. सादर झाल्यापासून मंजुरीपर्यंत चौदा महिने लागले. साहेबांच्या बिलाला नऊ दिवस लागले होते. दोन्ही टिपण्यांखाली सही माझी आहे.